आधी त्यांनी किती दिले ते दाखवा

गणपतीच्या आधी महिनाभर मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरतात. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ठाऊक असतं, की पहिली पावती कोणाच्या नावानं फाटते यावर पुढची सगळी वर्गणी ठरते. पहिल्याच दुकानदारानं एकशे एक लिहिले की पुढचे पन्नास जण एक्कावन्नावर येतात. म्हणून मुरलेले कार्यकर्ते आधी सराफाकडे जातात, त्याच्याकडून पाच हजार एक लिहून घेतात आणि ते पान उघडं ठेवूनच शेजारच्या कापडाच्या दुकानात शिरतात. शेठ काही बोलत नाहीत. आधी पान बघतात.

श्रीमंत देश गरीब देशांना जी मदत देतात, तिच्या मागचा बराचसा व्यवहार असाच चालतो. बातम्यांमध्ये आपल्याला देणारा आणि घेणारा एवढे दोघंच दिसतात. पण एका देणाऱ्यानं दुसऱ्या देणाऱ्याच्या दारात जाऊन ‘तुम्हीही काढा की थोडे’ असं म्हणणं, हा राजनैतिक कामाचा एक मोठा आणि फारसा न दिसणारा भाग आहे. तो समजून घ्यायला लांब जायला नको. या खेळाचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जुन्यांपैकी एक उदाहरण आपणच आहोत. 1958 साली पाच देशांनी वॉशिंग्टनमध्ये बसून भारतासाठी वर्गणी काढली. पुढं तिला ‘एड इंडिया कॉन्सॉर्टियम’ हे नाव पडलं. आपल्याकडे त्याला ‘एड इंडिया क्लब’ही म्हणायचे.

वेळ कशी आली ते आधी पाहू. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं भारताकडून सैन्याचा खर्च आणि माल उधारीवर घेतला होता. युद्ध संपलं तेव्हा ही उधारी सुमारे 1,700 कोटी रुपये होती आणि ती लंडनमध्ये पौंडांत जमा होती. 1944 साली युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवायला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला परिषद भरली, तिथं गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, मुंबईचे अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ होते. या पौंडांचा काही भाग तरी आम्हाला डॉलरमध्ये वापरता यावा, अशी त्यांची मागणी होती. ब्रिटननं ती मान्य होऊ दिली नाही. तरी स्वातंत्र्यानंतर पहिली काही वर्षं ही गंगाजळी कामी आली. मग 1956 मध्ये दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. पोलादाचे कारखाने, यंत्रं, वीज. हे सगळं बाहेरून आणायचं, म्हणजे परकीय चलनात पैसे मोजायचे. दीड-दोन वर्षांत गंगाजळी इतकी आटली, की 1957 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी वॉशिंग्टन आणि पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन इथं वाऱ्या करू लागले.

अमेरिकेची अडचण अशी होती, की भारताला सावरायला हवं हे आयझेनहॉवर सरकारला पटलं होतं, पण एकट्यानं खिसा रिकामा करायची तयारी नव्हती. भारत कोसळला तर आशियात साम्यवादी चीनचं उदाहरण खरं ठरेल, ही भीती होती. सिनेटर जॉन केनेडी आणि जॉन शेर्मन कूपर यांनी 1958 मध्ये भारताला मदत करावी असा ठरावही मांडला. पण अमेरिकन संसदेत प्रश्न येई तो असा : जर्मनी आणि जपानला आपण उभं केलं, आता त्यांचे कारखाने आपल्याशी स्पर्धा करतात, आपलं सोनं देशाबाहेर चाललंय, मग भारताचं ओझं आपल्याच डोक्यावर का? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पैसे मंजूर होणार नव्हते. म्हणजे अमेरिकेनं मित्रदेशांना गळ घालण्यामागचं पहिलं कारण भारत नव्हतंच, स्वतःची संसद होती. या एका गोष्टीकडे लक्ष ठेवलं, तर पुढचं बरंच काही आपोआप उलगडतं.

पण हे काम अमेरिकेनं स्वतः पुढं होऊन केलं नाही. मंडळात सराफ स्वतः पावतीपुस्तक घेऊन फिरत नाही, फिरला तर लोकांना संशय येतो. त्यासाठी खजिनदार लागतो. हा खजिनदार म्हणजे जागतिक बँक आणि तिचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक. बँकेनं भारताला मोठी कर्जं दिली होती, भारत बुडाला तर तिचीही पत जाणार होती, आणि ती कोण्या एका देशाची नव्हती. ऑगस्ट 1958 मध्ये ब्लॅक यांनी वॉशिंग्टनला बैठक बोलावली. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी आणि जपान आले. भारताकडून किल्ला लढवत होते बी. के. नेहरू. ते त्याच सुमारास आर्थिक बाबींसाठी खास वॉशिंग्टनला पाठवले गेले होते. बैठकीतून साधारण 35 कोटी डॉलरची आश्वासनं निघाली आणि त्या वर्षापुरतं निभावलं.

रकमेपेक्षा मला या बैठकीची रचना महत्त्वाची वाटते. तोवर प्रत्येक देश भारताशी वेगळा बोलायचा. दिल्लीतला आपला राजदूत काय कळवतो, आपल्या कंपन्यांना काय विकायचंय, यावर प्रत्येकाचा आकडा ठरायचा. आता तिघा-चौघांच्या समोर बोलायचं होतं. भारताला किती कमी पडतंय याचा हिशेब बँक मांडणार, तो सगळ्यांच्या हातात असणार आणि मग टेबलाभोवती एकेकानं आपला आकडा सांगायचा. एकट्यानं नकार देणं सोपं असतं. चौघांदेखत ‘आमचे शून्य’ म्हणणं जड जातं.

जपानचंच पाहा. युद्धात हरून तेरा वर्षं झालेला, स्वतः कर्जात असलेला देश. तरी 1958 मध्ये त्यानं भारताला 18 अब्ज येनचं सवलतीचं कर्ज दिलं. जपाननं कुठल्याही देशाला दिलेलं ते पहिलं येन-कर्ज. यात परोपकार किती होता? थोडासा असेलही. पण जपानला लोहखनिज हवं होतं, यंत्रं विकायला बाजार हवा होता आणि मुख्य म्हणजे श्रीमंतांच्या टेबलावर पुन्हा खुर्ची हवी होती. वर्गणीच्या यादीत नाव येणं हीच प्रतिष्ठा. गंमत अशी, की तीन वर्षांनी, 1961 मध्ये, हाच जपान टोकियो-ओसाका बुलेट ट्रेनसाठी जागतिक बँकेकडून 8 कोटी डॉलर उसने घेत होता. एका हातानं घेणं आणि दुसऱ्या हातानं देणं एकाच वेळी चालू होतं. आज मुंबईची मेट्रो 3 आणि अटल सेतू ज्या जपानी कर्जातून उभे राहिले, त्या खात्याचं पहिलं पान हे असं 1958 चं आहे.

पश्चिम जर्मनीचं दुखणं वेगळं. राउरकेलाचा पोलाद कारखाना जर्मन कंपन्यांनी बांधला, त्याची देणी थोड्या मुदतीची होती आणि ती भारताला झेपत नव्हती. बॉनच्या दृष्टीनं भारताला मदत म्हणजे आपल्याच कारखानदारांची वसुली सुरक्षित करणं. शिवाय पूर्व जर्मनीला कोणी मान्यता देऊ नये, यासाठी बॉन जगभर धडपडत होतं. ज्यानं दिली त्याच्याशी संबंध तोडायचे, असं त्यांचं 1955 पासूनचं धोरणच होतं. मदतीचा पैसा तिथं उपयोगी पडत असे. एवढं असूनही हात आखडताच होता. नोव्हेंबर 1960 मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री रॉबर्ट अँडरसन आणि परराष्ट्र खात्याचे डग्लस डिलन खास बॉनला गेले. जर्मनीत ठेवलेल्या अमेरिकन सैन्याच्या खर्चाचा काही भार उचला, अशी मागणी होती. जवळपास रिकाम्या हातानं परतले. पण दबाव वाया गेला असं नाही. सैन्याचे पैसे देण्यापेक्षा गरीब देशांना मदत वाढवणं जर्मन राजकारण्यांना घरी समजावून सांगायला सोपं होतं. 1961 च्या अखेरीस त्यांनी त्यासाठी स्वतंत्र मंत्रालयच काढलं, आणि त्यामागे वॉशिंग्टनच्या तगाद्याचाही वाटा होता.

इथं रशियाला विसरून चालणार नाही, कारण यादीत नाव नसूनही त्याची सावली सगळ्या पानांवर होती. 1955 मध्ये भिलाईचा करार करून मॉस्कोनं पहिली बोली लावली होती. भिलाई रशियाचं, राउरकेला जर्मनांचं, दुर्गापूर ब्रिटिशांचं. आयआयटींमध्येही तेच : पवईला रशियन मदत, कानपूरला अमेरिकन, मद्रासला जर्मन, दिल्लीला ब्रिटिश. एकाच गल्लीत दोन मंडळं असली की दोन्हींची वर्गणी वाढते, हे नेहरूंच्या दिल्लीला न शिकवता कळत होतं.

1961 मध्ये खेळ मोठा झाला. तिसरी योजना सुरू झाली होती, केनेडी आता राष्ट्राध्यक्ष होते. त्याआधी ब्लॅक यांनी एक हुशार चाल केली होती. 1960 च्या सुरुवातीला त्यांनी तीन बँकर भारत-पाकिस्तानच्या दौऱ्यावर पाठवले : अमेरिकेचे अॅलन स्प्रौल, जर्मनीचे हरमान आब्स आणि ब्रिटनचे सर ऑलिव्हर फ्रँक्स. भारताला मदत द्या असं एखाद्या समाजवादी प्राध्यापकानं म्हटलं तर बॉनमध्ये कोण ऐकणार? पण तेच डॉइशे बँकेच्या आब्स यांनी सांगितलं, की अर्थमंत्र्यांना कान द्यावाच लागतो. समोरच्याला ज्याचं पटतं, त्याच्याच तोंडून आपलं म्हणणं वदवून घ्यायचं. राजनैतिक मनधरणीतलं हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी खर्चाचं साधन.

मग अमेरिकेनं पान उघडलं. दोन वर्षांसाठी दरवर्षी 50 कोटी डॉलर, म्हणजे एकूण 1 अब्ज. अट एकच : बाकीच्यांनी मिळून तेवढेच घालावेत. एप्रिलमधल्या बैठकीत बाकीच्यांचे आकडे पुरेसे आले नाहीत. तेव्हा बैठक मोडली असं न म्हणता ती पुढं ढकलली. मधल्या महिन्यात राजधान्यांमध्ये फोन, तारा, जेवणावळी झाल्या आणि मेअखेरच्या बैठकीत सगळे मिळून दोन वर्षांचा आकडा 2.2 अब्ज डॉलरच्या वर गेला. बैठक ‘तहकूब’ करणं हे आळसाचं लक्षण वाटतं, पण इथं ते हत्यार होतं. आकडा लिहिल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही.

या ‘तुम्ही एक, आम्ही एक’ पद्धतीला दुसरी बाजूही आहे, आणि ती पुढच्याच वर्षी दिसली. बाकीच्यांनी कमी घातले तर अमेरिकेचाही हात त्याच प्रमाणात आखडतो. 1962 मध्ये वातावरण आधीच तापलेलं होतं. डिसेंबर 1961 मध्ये भारतानं गोवा मुक्त केला, त्यावरून पाश्चात्त्य देश चिडले होते. पोर्तुगाल नाटोचा सदस्य, म्हणजे अमेरिकेचा लष्करी मित्र. सिनेटर सायमिंग्टन यांनी भारताची मदत चतुर्थांशानं कापायचा प्रस्ताव आणला, समितीत तो मंजूरही झाला. केनेडी सरकारनं धावाधाव करून तो मागे घ्यायला लावला. गोव्यातल्या त्या कारवाईचा परिणाम असा वॉशिंग्टनच्या हिशेबाच्या वहीत उमटला होता.

याच ब्लॅक यांनी याच वर्षांत आणखी एक वर्गणी जमवली होती, तिचा उल्लेख सध्या वारंवार होतो, पण वर्गणी म्हणून नाही. सप्टेंबर 1960 चा सिंधू पाणीवाटप करार. भारत आणि पाकिस्तान यांच्यात नद्या वाटल्या गेल्या खऱ्या, पण पाकिस्तानला नवे कालवे आणि धरणं बांधून देण्याचा खर्च कोण करणार, यावर गाडं अडलं होतं. ब्लॅक यांनी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पश्चिम जर्मनीकडून पैसे गोळा केले. भारतानंही 6 कोटी 20 लाख पौंड द्यायचं कबूल केलं. त्या निधीशिवाय त्या कागदावर सह्या झाल्या असत्या, असं मला वाटत नाही.

आता एक किचकट भाग, पण तो टाळून पुढं जाता येणार नाही. वर्गणीत नारळ, सतरंज्या आणि रोख पैसे एकाच आकड्यात कसे मोजायचे? एक देश फुकट धान्य देतो. दुसरा 40 वर्षांच्या मुदतीनं नाममात्र व्याजावर कर्ज देतो. तिसरा सहा टक्क्यांनी दहा वर्षांचं कर्ज देतो, वर सगळी यंत्रं आमच्याकडूनच घ्या म्हणतो. तिघंही म्हणतात, आम्ही 10 कोटी दिले. पोर्तुगाल तर आफ्रिकेतल्या स्वतःच्या वसाहतींवर केलेला खर्चच मदत म्हणून मांडायचा. अमेरिकेला हे सहन होईना, कारण तिची बरीच मदत अनुदान किंवा फार सवलतीच्या कर्जात होती आणि मित्र मात्र व्यापारी कर्जं दाखवून बरोबरी सांगत होते.

यावर डिलन यांनी सुचवलेला उपाय म्हणजे देणाऱ्या देशांचा स्वतंत्र गट. जानेवारी 1960 मध्ये तो ठरला, पुढच्या वर्षी ओईसीडी ही श्रीमंत देशांची संस्था स्थापन झाल्यावर तिची विकास-साहाय्य समिती बनला. पॅरिसच्या या समितीला ‘डॅक’ म्हणतात. तिच्याकडे वाटायला पैसा नाही, शिक्षा द्यायचा अधिकार नाही. ती फक्त विचारते. एका सदस्य देशाच्या मदतीची झडती बाकीचे सदस्य घेतात : कोणाला दिले, कुठल्या अटींवर, गेल्या वेळेपेक्षा कमी का, आणि अहवाल छापून टाकतात. मदत कशाला म्हणायचं याची व्याख्या 1969 मध्ये याच समितीनं केली आणि 1972 मध्ये ती कडक करून ठरवलं, की कर्जात निदान 25 टक्के भाग भेटीसारखा असला पाहिजे, तरच ते मोजायचं. कंटाळवाणं वाटतं खरं. पण आज ‘अमुक देशानं उत्पन्नाच्या इतके टक्के मदत दिली’ असं जे आपण वाचतो, ते या कारकुनीमुळेच शक्य होतं. सगळ्यांना एकच वजनमाप लावल्याशिवाय कोणाला लाज आणता येत नाही.

या सगळ्याचा सगळ्यात कडवट प्रसंग मात्र 1965 ते 67 मधला. सलग दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला, बिहारमध्ये दुष्काळ पडला. 1966 मध्ये भारतानं एक कोटी टनांहून जास्त धान्य आयात केलं, त्यात बहुतेक पीएल-480 या अन्नमदतीच्या अमेरिकन कायद्याखाली आलेला गहू. जहाजातून उतरलं की थेट ताटात, अशी गत होती. महाराष्ट्रात ज्यांचं वय आज पासष्ट-सत्तरच्या पुढं आहे त्यांना रेशनवरचा लाल गहू आणि मिलो ही परदेशी ज्वारी आठवते. मिलोची भाकरी कशी लागायची हे विचारा, चेहऱ्यावरच उत्तर मिळतं.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हा गहू एकदम न देता थोडा थोडा सोडायचं धोरण ठेवलं. एक जहाज, मग थांबा, मग दुसरं. भारतानं शेतीधोरण बदलावं हा एक हेतू. व्हिएतनामवर भारत करत असलेली टीका त्यांना झोंबत होती, हाही एक. तिसरा हेतू आपल्या विषयाचा : जगानं भूक हा फक्त अमेरिकेचा प्रश्न समजू नये. जानेवारी 1967 मध्ये त्यांनी परराष्ट्र खात्याचे यूजीन रोस्टो यांना देशोदेशी पाठवलं. युरोपीय आणि जपानी सरकारांचं म्हणणं, आम्हीच गहू विकत घेतो, आम्ही कुठून देणार? त्यावर अमेरिकेचं उत्तर : गहू नसेल तर रोख द्या, खत द्या. फेब्रुवारीत जॉन्सन यांनी संसदेला सांगितलं, की 20 लाख टन लगेच पाठवतो, आणखी 30 लाख टन देऊ, पण त्याला जोड म्हणून इतरांनीही तेवढंच घातलं पाहिजे. संसदेनं ते मान्य केलं.

जॉन्सन यांच्या मुद्द्यात तथ्य होतं, पण पद्धत क्रूर होती, असं माझं मत. कापडदुकानदाराला लाजवायचं म्हणून महाप्रसादाची पंगत अर्ध्यात थांबवत नाहीत. भारतीय नेतृत्वाच्या मनात तो अपमान खोल बसला. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी आणलेल्या नव्या बियाण्यांच्या धोरणाला राजकीय बळ मिळालं, त्यात या अपमानाचाही भाग होता.

पण मित्रदेशांकडून घेण्याचा हेतू बऱ्यापैकी साधला. त्याच वर्षी व्यापाराच्या वाटाघाटी चालू होत्या. गव्हाच्या करारात अमेरिकेनं अन्नमदतीचं कलम घुसवलं आणि 1967 चा अन्नसाहाय्य करार झाला : दरवर्षी 45 लाख टन धान्य गरीब देशांना. त्यात अमेरिकेचा वाटा 42 टक्के, युरोपच्या सामायिक बाजाराचा 23 टक्के, उरलेला इतरांचा. स्वतः गहू आयात करणारे देशही अन्नमदत देणारे झाले. दुष्काळाच्या भीतीनं जे मिळालं नाही, ते व्यापाराच्या सौद्यात मिळालं.

शून्य पूर्णांक सात टक्क्यांची गोष्ट बहुतेकांच्या कानावर असते. कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या आयोगानं 1969 मध्ये हा आकडा मांडला आणि ऑक्टोबर 1970 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो स्वीकारला : श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के मदत द्यावी. अमेरिकेनं हे बंधन कधीच मानलं नाही. म्हणजे वर्षानुवर्षं इतरांच्या दारात जाणारा सराफ टक्केवारीत मोजला तर तळाशी होता. स्वीडन, नेदरलँड्स, नॉर्वे, डेन्मार्क यांनी सत्तरच्या दशकात तो गाठला, ब्रिटननं 2013 मध्ये. ब्रिटननं 2015 मध्ये तसा कायदा केला, 2021 मध्ये 0.5 वर आला आणि 2025 मध्ये जाहीर केलं, की 2027 पर्यंत 0.3 करू, कारण संरक्षणाला पैसे हवेत. 2024 साली 0.7 च्या वर फक्त चार देश होते : नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, डेन्मार्क.

दरम्यान आपण पंगतीत जागा बदलली. 2003 मध्ये दिल्लीनं ठरवलं, की मोजके मोठे देश सोडून बाकीच्यांकडून सरकारी मदत घ्यायची नाही. पुढं जागतिक बँकेच्या ज्या सवलतीच्या निधीचा भारत सगळ्यात मोठा घेणारा होता, त्यातच तो पैसे घालू लागला. त्या निधीची, म्हणजे आयडीएची, दर तीन वर्षांनी वर्गणी निघते आणि तिथंही तोच प्रयोग होतो : टेबल, यादी, आधी तुमचं सांगा.

1961 ची युक्ती मात्र आज कुठं जिवंत असेल, तर ती एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या ‘ग्लोबल फंड’मध्ये. 2003 च्या अमेरिकन कायद्यात कलम होतं, की या फंडात अमेरिकेचा वाटा एकूण रकमेच्या 33 टक्क्यांहून जास्त असता कामा नये. म्हणजे इतरांनी दोन डॉलर घातले तर अमेरिकेचा एक. हे कलम वीस वर्षं पॅरिस, बर्लिन, टोकियोमध्ये फिरणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातातलं उघडं पान होतं : तुम्ही 2 कोटी वाढवलेत तर आमचे 1 कोटी सुटतात, बघा. 2022 मध्ये अमेरिकेनं 6 अब्ज डॉलर जाहीर केले ते याच हिशेबानं.

आता तोच हिशेब उलटा वाचला जातो आहे. जुलै 2025 मध्ये अमेरिकेची परदेशी मदत वाटणारी यूएसएड ही संस्था स्वतंत्रपणे उरली नाही. ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स तिघंही आपली मदत कमी करत आहेत. दोनास एक या हिशेबानं इतरांचा दोन डॉलरचा आकडा दीडवर आला, तर अमेरिकेचा पाऊणच येतो, द्यायची इच्छा असली तरी. आणि बर्लिनमधल्या अर्थमंत्र्याला आता कोणी विचारलं, की इतका कमी आकडा का, तर तो पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन संसदेत विचारला जाणारा प्रश्नच परत विचारतो : आधी त्यांनी किती दिले ते दाखवा.